फॉन्ट बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरने राजकीय मतही द्यावे काय?

जोडाक्षर (प्रश्न)

आम्ही चौघे जण गेली सहा वर्षे एक लहानसे मुक्त स्रोत, म्हणजे ज्याचा कोड सर्वांना खुला आहे असे, सॉफ्टवेअर सांभाळत आहोत. कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी अशा जुन्या फॉन्टांत टंकलेला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांना समजणाऱ्या अक्षरसंकेतात, बदलून देणे, एवढेच त्याचे काम आहे. रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या अलीकडेच राहते, अर्धे अक्षर आणि त्याचा काना यांची ताटातूट होते. असल्या दुरुस्त्या करण्यातच आमच्या सुट्ट्या जातात. वापरणाऱ्यांत डीटीपीची कामे करणारे आहेत, तालुक्याच्या गावची साप्ताहिके आहेत, सरकारी कार्यालयांतील लिपिक आहेत, आणि कृतिदेव हा फॉन्ट हिंदी पट्ट्यात फार रुळलेला असल्यामुळे मध्य प्रदेश व उत्तर प्रदेशातील टंकलेखकही पुष्कळ आहेत. हा शेवटचा तपशील माझ्या प्रश्नाशी निगडित आहे, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

१६ एप्रिल २०२५ रोजी महाराष्ट्र शासनाने मराठी व इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य करणारा निर्णय काढला. १७ जूनच्या सुधारित निर्णयात ‘अनिवार्य’ हा शब्द गळला, तरी तिसरी भाषा सर्वसाधारणपणे हिंदीच राहील असे त्यात म्हटले होते, आणि दुसरी एखादी भाषा हवी असल्यास किमान २० विद्यार्थ्यांची अट होती. त्याच आठवड्यात आमच्या एका सहकाऱ्यांनी रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या सामायिक कोठारात, एक बदल पाठवला. सॉफ्टवेअर उघडताच मुख्य खिडकीच्या वरच्या पट्टीत ‘पहिलीपासून हिंदीची सक्ती नको’ अशी ओळ दिसावी आणि तिच्यापुढे सह्यांच्या मोहिमेचा दुवा असावा, असा तो बदल होता. दोघे अनुकूल होते, एक जण विरोधात होते आणि मी तळ्यात-मळ्यात होतो. आमचा वाद मिटण्याआधीच, २९ जून रोजी, शासनाने दोन्ही निर्णय रद्द केले आणि तो बदल आपोआप मागे पडला. सहकाऱ्यांचे आता म्हणणे असे की हा विषय किंवा असाच दुसरा विषय पुन्हा येणारच आहे, तेव्हा ऐन वेळी भांडण्यापेक्षा धोरण आत्ताच ठरवून टाकावे.

माझी अडचण अशी आहे की ती ओळ मला शब्दशः मान्य आहे. मी स्वतः त्या मोहिमेत सही केली होती. ज्या मताशी आपण सहमत असतो ते मत दुसऱ्याच्या पडद्यावर झळकवणे आपल्याला प्रचार वाटतच नाही, ते आपल्याला निव्वळ सत्यकथन वाटते. म्हणून या बाबतीत माझ्या स्वतःच्या निवाड्यावर माझा भरवसा नाही. मुक्त स्रोत सॉफ्टवेअरच्या जगात याआधी असे प्रसंग आले आहेत हे मला ढोबळपणे ठाऊक आहे. त्यांतून काय निष्पन्न झाले, आणि आमच्यासारख्या चार माणसांच्या प्रकल्पाने त्यातून काय घ्यावे, हे जाणकारांनी सांगावे अशी विनंती आहे.

डेबियनकर

आपण प्रश्न प्रामाणिकपणे मांडला आहे. मी उलट्या बाजूने, म्हणजे ज्या ओळीवर सहसा कोणी रागावले नाही तिच्यापासून सुरुवात करतो.

विम हा संपादक, म्हणजे मजकूर व कोड लिहिण्याचे सॉफ्टवेअर, फाईलशिवाय उघडला की पहिल्या पडद्यावर युगांडातील गरीब मुलांना मदत करण्याचे आवाहन दिसते. विमचे कर्ते ब्राम मोलेनार १९९४ मध्ये युगांडातील किबाले येथे वर्षभर स्वयंसेवक म्हणून राहिले होते, पाणी व स्वच्छतेची कामे त्यांच्याकडे होती, आणि परतल्यावर तेथील बालकेंद्रासाठी त्यांनी नेदरलँड्समध्ये संस्था काढली. ऑगस्ट २०२३ मध्ये ते वारले, पण जगभरच्या लाखो लोकांनी ती ओळ तोपर्यंत हजारो वेळा पाहिली होती. तिला कोणी राजकारण म्हटले नाही, कारण भुकेल्या मुलाच्या विरुद्ध बाजूला कोणताही पक्ष उभा नसतो. आपल्या सहकाऱ्यांची ओळ या जातीची नाही. तिच्या विरुद्ध बाजूला माणसे आहेत, आणि आपणच सांगता त्याप्रमाणे त्यांतली काही आपले सॉफ्टवेअर रोज वापरतात. विमचा दाखला कोणी दिला तर तो बाजूला ठेवावा.

दुसरे उदाहरण नोटपॅड प्लस प्लस या तशाच संपादकाचे, आणि आपल्याला उपयोगी पडणारे खरे उदाहरण तेच आहे. डॉन हो हे त्याचे कर्ते २००३ पासून तो संपादक सांभाळत आहेत आणि आपली राजकीय मते त्यांनी कधीही लपवलेली नाहीत. २००८ मध्ये बीजिंग ऑलिंपिकवर बहिष्कार टाकण्याचे आवाहन त्यांनी केले. जानेवारी २०१५ मध्ये पॅरिसमध्ये शार्ली एब्दो साप्ताहिकावर हल्ला झाल्यावर त्यांनी त्याच नावाची आवृत्ती काढली, आणि ती बसवल्यावर संपादक उघडून आपोआप मजकूर टंकू लागत असे. कोणी कळफलकाला हात लावलेला नाही आणि पडद्यावर अक्षरे उमटत आहेत, हे पाहून आपल्या संगणकात काही शिरले की काय अशी शंका अनेकांना आली. पुढे प्रकल्पाच्या संकेतस्थळावर हल्लाही झाला. ऑक्टोबर २०१९ मध्ये ७.८.१ ही आवृत्ती चीनमधील उइगुर या मुस्लिम समाजाच्या स्वातंत्र्याची मागणी करणाऱ्या नावाने आली. या वेळी मात्र संपादकाने स्वतःहून काही टंकले नाही. आवृत्तीचे नाव आणि संकेतस्थळावरील निवेदन एवढ्यावर त्यांनी भागवले. तरीही त्यांच्या गिटहबवरील रिपॉझिटरीत चिनी भाषेतील संतप्त नोंदींचा पूर आला आणि संकेतस्थळ बंद पाडण्याचे प्रयत्न झाले. २०२० मध्ये हाँगकाँगच्या पाठिंब्याची आवृत्ती निघाली, आणि त्या ऑगस्टमध्ये चीनमधील काही लोकप्रिय ब्राउझरांतून डाउनलोडचे पान उघडेनासे झाले.

या दोन प्रसंगांतील फरक मला महत्त्वाचा वाटतो. २०१५ साली वापरणाऱ्याच्या यंत्राने वापरणाऱ्याच्या इच्छेवाचून कर्त्याचे मत बोलून दाखवले. २०१९ साली कर्ता स्वतःच्या दारात उभा राहून बोलला. ज्यांना ऐकायचे नव्हते त्यांनी ते पान वाचले नाही आणि त्यांच्या संपादकात तसूभरही फरक पडला नाही. पहिली गोष्ट मला गैर वाटते. दुसरी शहाणपणाची होती की नव्हती यावर वाद घालता येईल, पण तिला गैर म्हणता येणार नाही. डॉन हो एकटे होते व स्वतःच्या नावाने बोलत होते, हेही विसरू नये. आपण चौघे आहात.

तिसरे उदाहरण मार्च २०२२ मधील नोड-आयपीसीचे. हे एक पॅकेज, म्हणजे इतर प्रोग्रामर आपल्या सॉफ्टवेअरमध्ये जोडतात असा तयार कोड. त्या पॅकेजच्या कर्त्याने युक्रेनवरील आक्रमणाचा निषेध म्हणून १०.१.१ व १०.१.२ या आवृत्त्यांत असा कोड दडवला की यंत्राचा इंटरनेटवरील पत्ता रशियातील किंवा बेलारूसमधील निघाल्यास त्यातील फाईलींचा मजकूर पुसून जागी हृदयाचे चिन्ह लिहिले जावे. नंतरच्या आवृत्तीत हा कोड काढला आणि सर्वांच्याच डेस्कटॉपवर शांततेचा संदेश देणारी फाईल टाकणारे वेगळे पॅकेज त्यात जोडले. व्ह्यू सीएलआयसारखी प्रोग्रामरांची मोठी साधने नोड-आयपीसीवर अवलंबून असल्यामुळे हे प्रकरण ज्यांनी नोड-आयपीसीचे नावही ऐकले नव्हते अशा लोकांपर्यंत पोहोचले. आपल्या सहकाऱ्यांची ओळ आणि हा प्रकार यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि त्यांना एका मापाने मोजण्याचा माझा हेतू नाही. पण दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे अपडेटवरचा विश्वास. लोक आपली नवी आवृत्ती न वाचता बसवतात, कारण रफार सुधारला असेल एवढीच त्यांची अपेक्षा असते. तो विश्वास त्यांनी आपल्याला रफारापुरता दिलेला आहे.

अक्षरजुळणी

मी कोल्हापूर जिल्ह्यात डीटीपीचे छोटे दुकान चालवते. लग्नपत्रिका, अहवाल, पतसंस्थांची वार्षिक पुस्तके, निवडणुकीच्या दिवसांत सगळ्या पक्षांची पत्रके, अशी कामे असतात. आपल्यासारखीच दोन-तीन परिवर्तके माझ्या संगणकावर आहेत, त्यांत आपलेही असू शकेल.

माझ्याकडे गिऱ्हाईक टेबलाच्या पलीकडे बसत नाही, माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसते, कारण मुद्रितशोधन तिथल्या तिथेच करायचे असते. माझ्या पडद्यावर जे दिसते ते माझे समजले जाते. वरच्या पट्टीतील ओळ दिल्ली, पुणे की नागपूर येथून आली हे गिऱ्हाइकाला कळण्याचे कारण नाही; ते समजणार की या बाईंनी दुकानात हे लावून ठेवले आहे. मी माझ्या दुकानाच्या भिंतीवर काय लावायचे हे विचारपूर्वक ठरवलेले आहे, आणि भिंतीवर एक कॅलेंडर सोडले तर काही नाही. हिंदीच्या सक्तीला माझाही विरोधच होता. पण माझ्या भिंतीवर दुसऱ्याने येऊन पाटी ठोकावी आणि मला न विचारता जावे, हे मला चालणार नाही, पाटी माझ्या मनातली असली तरी.

प्रतिवादी

वरील दोन्ही प्रतिसाद संयत आहेत, तरी त्यांच्यामागे एक गृहीतक आहे आणि ते मला मान्य नाही. ते असे की सॉफ्टवेअर मुळात निर्विकार असते आणि राजकारण त्यात बाहेरून आणले जाते.

रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये ग्नू या मुक्त कार्यप्रणालीची घोषणा केली ती चांगला संपादक हवा म्हणून नव्हे. वापरणाऱ्याला कोड पाहण्याचा, बदलण्याचा व वाटण्याचा हक्क असावा, हे राजकीय मत त्यांना प्रस्थापित करायचे होते, आणि ग्नूचा ईमॅक्स हा संपादक आजही पहिल्या पडद्यावरून वापरणाऱ्याला त्या विचाराकडे नेतो. त्या मताचा प्रचार झाला नसता तर आपण चौघांनी आपला कोड फुकट खुला केला असता काय, याचा विचार करावा. ज्या झाडाच्या सावलीत बसलो आहोत ते झाडच राजकीय आहे.

आता परिवर्तकाकडे येतो. युनिकोडमध्ये मराठी व हिंदी यांची देवनागरी एकाच खणात आहे. ल आणि श ही दोन अक्षरे मराठीत वेगळ्या वळणाने लिहिली जातात, परंतु मजकुराची भाषा मराठी आहे असे स्पष्ट सांगितले नाही तर बहुतेक फॉन्ट हिंदी वळणच दाखवतात. कित्येक साधनांत देवनागरी कळफलकाच्या यादीत ‘हिंदी’ एवढेच नाव असते, आणि ‘तऱ्हा’, ‘वाऱ्यावर’ या शब्दांतला ऱ्य-ऱ्ह उमटवण्यासाठी मराठी माणसाला आडवळणाने जावे लागते. हे कोणी घोषणा देऊन केलेले नाही. कोणीतरी कधीतरी न विचारता जो पर्याय आधीपासून निवडून ठेवला, त्यातून ते झाले. पडद्यावर एकही राजकीय ओळ न लिहिता रोज कोट्यवधी लोकांना सांगितले जात आहे की देवनागरी म्हणजे हिंदी. त्याला कोणी प्रचार म्हणत नाही, आणि त्याविरुद्ध एक ओळ लिहिली की मात्र आपल्याला तटस्थतेची आठवण होते.

सरकारांनाही हे बरोबर कळते. मे २०२३ मध्ये भारत सरकारने १४ संदेशवहन अ‍ॅपांवर बंदी घातली, त्यांत ब्रायर आणि एलिमेंट ही दोन मुक्त स्रोत अ‍ॅपे होती. त्यांनी कोणाच्या पडद्यावर घोषणा झळकवली नव्हती. निरोप मध्ये कोणाला वाचता येऊ नये, एवढे त्यांचे काम सत्तेच्या नजरेत राजकीय ठरायला पुरेसे होते. आपण गप्प राहिल्याने आपण राजकारणाच्या बाहेर राहतो, ही समजूत म्हणून मला भाबडी वाटते. ओळ असावी. बंद करण्याची सोय असावी, एवढी दुरुस्ती मी सुचवीन.

अव्वल कारकून (निवृत्त)

तत्त्वचर्चेत मला फारशी गती नाही. एक व्यवहारातील बाब मांडतो, जी तरुण मंडळींच्या लक्षात येत नाही.

मी ३१ वर्षे महसूल खात्यात काढली. जुन्या टिपण्या, आदेश, सातबाराच्या नोंदींचे मसुदे कोणत्या कोणत्या फॉन्टांत पडलेले असत, आणि वरून युनिकोडमध्ये पाठवा असा आदेश आला की आम्ही असलीच फुकट साधने शोधून काम उरकत असू. शासकीय कर्मचाऱ्याला महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू असतात. राजकीय चळवळीत भाग घेण्यास व तिला साहाय्य करण्यास त्यांत मनाई आहे, आणि शासनाच्या धोरणावर जाहीर टीका करण्यावरही निर्बंध आहेत. अशा कर्मचाऱ्याच्या पडद्यावर शासन निर्णयाला विरोध करणारी ओळ, तिच्यापुढे सह्यांच्या मोहिमेचा दुवा, आणि त्याच वेळी व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये त्याचा पडदा वरिष्ठांना दिसत आहे, असा प्रसंग डोळ्यांपुढे आणावा. चौकशीत तो सुटेलही, कारण ओळ त्याने लिहिलेली नाही. पण तोवर त्याला लेखी खुलासा द्यावा लागेल, आणि लेखी खुलासा म्हणजे काय असते हे ज्याने दिला आहे त्यालाच कळते. बंद करण्याची सोय आहे असे वर कोणी म्हटले आहे. ती सोय वापरण्याआधी ओळ एकदा दिसलेली असते.

डेबियनकर

प्रतिवादी यांचा ल आणि श यांचा मुद्दा मला बिनतोड वाटला, आणि मी माझे आधीचे मत त्या प्रमाणात दुरुस्त करतो. सॉफ्टवेअर निर्विकार नसते, हे खरेच. पण त्यांनी दिलेल्या उदाहरणावरून जो उपाय सुचतो तो ओळीचा नाही. या परिवर्तकाने बाहेर पडणाऱ्या मजकुरावर मराठी भाषेची खूण आपोआप लावावी, मराठी वळणाचे श आणि ल उमटवावेत, कळफलकाच्या यादीत मराठीचे नाव मराठी म्हणून घ्यावे. हे राजकारण आहे असे कोणी म्हणाले तर खुशाल म्हणो. वापरणारा ज्या कामासाठी आला ते काम त्यामुळे अधिक चांगले होते, आणि हिंदी टंकलेखकाने हिंदी निवडली तर त्याचेही काही बिघडत नाही. मत कामातून उतरले तर ते वापरणाऱ्याच्या उपयोगी पडते. पट्टीतल्या ओळीने मात्र त्याचा एकही शब्द सुधारत नाही.

ग्नूच्या बाबतीत एक घटना सांगण्याजोगी आहे, कारण ती आमच्याच घरात, म्हणजे डेबियन या स्वयंसेवकांच्या मुक्त कार्यप्रणाली-प्रकल्पात घडली. ईमॅक्सच्या माहितीपुस्तिकेत ग्नूचा जाहीरनामा छापलेला असतो, आणि पुस्तिकेच्या परवान्यात तो भाग अपरिवर्तनीय ठरवलेला आहे. म्हणजे पुस्तिका बदलून वाटायची तर जाहीरनामा जसाच्या तसा बाळगावा लागतो. डेबियनमधील अनेकांना जाहीरनाम्यातले विचार पूर्णपणे मान्य होते. तरीही २००६ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून ठरवले की ज्या दस्तऐवजात न बदलता येणारे असे भाग आहेत त्याला मुक्त म्हणता येणार नाही. ईमॅक्सची पुस्तिका त्यामुळे डेबियनच्या मुख्य संग्रहातून बाहेर गेली. ज्या विचारातून आपला जन्म झाला तो विचारसुद्धा काढून टाकण्याची मुभा वापरणाऱ्याला हवी, असा तो निर्णय होता, आणि तो घेताना मंडळींना बराच त्रास झाला. आपल्या सॉफ्टवेअरचा कोड खुला आहे, म्हणून ओळ काढून टाकण्याचा हक्क तत्त्वतः कोल्हापूरच्या ताईंनाही आहे. पण कोड उघडून, ती ओळ खोडून, पुन्हा बांधणी करणे त्यांना शक्य आहे असे मानणे ही शुद्ध पळवाट आहे. प्रोग्रामर नसलेल्या माणसासाठी तो हक्क कागदावरच राहतो.

२०२२ मधील आणखी एक उदाहरण ताईंच्या भिंतीशी जुळणारे आहे. इव्हेंट-सोर्स-पॉलिफिल नावाचे पॅकेज अनेक संकेतस्थळे ब्राउझरसाठी वापरतात. त्याच्या कर्त्याने रशियातील वेळक्षेत्रे ओळखून तेथील वाचकाला काही सेकंदांनी युद्धविरोधी संदेशाची खिडकी दिसेल अशी तजवीज केली. वाचकाच्या दृष्टीने ती खिडकी त्या संकेतस्थळाची होती. संकेतस्थळाच्या मालकाला तिचा पत्ताही नव्हता. संदेश चांगला होता असे मी म्हणेन. तो दुसऱ्याच्या तोंडून वदवला गेला, ही माझी तक्रार आहे.

याउलट रिअ‍ॅक्ट या संकेतस्थळे बांधण्याच्या साधनाच्या मंडळींनी जून २०२० मध्ये कृष्णवर्णीयांच्या आंदोलनाला पाठिंबा देणारी पट्टी लावली आणि पुढे युक्रेनसाठी मदतीचे आवाहन केले, ते स्वतःच्या संकेतस्थळाच्या माथ्यावर. रिअ‍ॅक्ट वापरून बांधलेल्या एकाही दुकानाच्या पानावर ती पट्टी उमटली नाही.

काना-मात्रा

ज्यांनी तो बदल पाठवला तो सहकारी मीच. जोडाक्षर यांनी मला न सांगता हा धागा उघडला नाही, दुवा त्यांनीच पाठवला, त्यामुळे कोणी गैरसमज करून घेऊ नये.

माझी बाजू थोडी मांडतो. या प्रकल्पाचे सहा वर्षांत आम्हाला एक रुपयाही मिळालेला नाही, आणि तो मिळावा म्हणून आम्ही तो केलाही नाही. ज्यांचे काम आमच्यामुळे दिवसातून दोन तास वाचते त्यांतील बहुतेकांना आम्ही कोण हेही ठाऊक नाही. त्या जूनमध्ये माझी मुलगी पहिलीत जाणार होती. वर्तमानपत्राला पत्र लिहिले तर ते छापतील याचा भरवसा नव्हता, आणि हजारो माणसे रोज ज्या चौकटीकडे पाहतात ती एक चौकट माझ्या हातात होती. ती वापरावीशी वाटली. यात लपवाछपवी काही नव्हती; बदल सर्वांच्या देखत रिपॉझिटरीत ठेवला होता. नोड-आयपीसीचा उल्लेख आला तेव्हा, खरे सांगतो, मला राग आला. डेबियनकर यांनी अंतर स्पष्ट केले म्हणून तो ओसरला.

प्रतिवादी यांनी माझी बाजू माझ्यापेक्षा चांगली मांडली, पण त्यांच्या युक्तिवादाने माझे समाधान झाले नाही आणि अव्वल कारकून साहेबांच्या त्या एका परिच्छेदाने मात्र झाले. ती ओळ वाचणाऱ्याचा मी विचार केला होता. ती ओळ ज्याच्या पडद्यावर दिसेल आणि जिच्याबद्दल ज्याला जाब विचारला जाईल त्याचा विचार मी केला नव्हता. धोका त्याने पत्करायचा आणि समाधान मला मिळायचे, असा तो व्यवहार होता. हिंदी टंकलेखकांचे म्हणाल, तर त्यांच्या पडद्यावर ती ओळ जाऊन काही साधणार नव्हते. महाराष्ट्राच्या शाळांविषयीचा निर्णय ग्वाल्हेरच्या टंकलेखकाने घेतलेला नव्हता.

तरीही पूर्ण मौन मला मान्य नाही, हे नोंदवून ठेवतो. माझा प्रस्ताव असा आहे. खिडकीत काही नको, संदेश देणारी फाईल नको, कोणाचे ठिकाण किंवा भाषा पाहून वेगळे वागणे तर नकोच. प्रकल्पाच्या संकेतस्थळावर मात्र निवेदनासाठी एक पान असावे, आणि त्यावर जे लिहिले जाईल त्याखाली ज्याने लिहिले त्याचेच नाव असावे, ‘आम्ही’ हा शब्द चौघांच्या संमतीवाचून वापरू नये. श आणि ल यांचे काम मी या महिन्यात हाती घेतो. ते आधीच व्हायला हवे होते.

एक गोष्ट अजून अडली आहे. नोटपॅड प्लस प्लसप्रमाणे आवृत्तीला नाव द्यायचे ठरले तर ते नाव आमच्याकडे अपडेटच्या सूचनेत दिसते, आणि ती सूचना खिडकीतच उघडते. मग ते नाव संकेतस्थळावरचे धरायचे की वापरणाऱ्याच्या पडद्यावरचे?

डेबियनकर

पडद्यावरचे. सूचनेत फक्त आकडा दाखवावा आणि नाव बदलांच्या नोंदींत ठेवावे. ज्याला नोंदी वाचायच्या आहेत तो दुवा उघडून वाचेल.

जोडाक्षर

सर्वांचे आभार. काना-मात्रा यांचा प्रस्ताव, त्यात अपडेटच्या सूचनेत केवळ आकडा असावा ही भर घालून, मी चौघांच्या मतासाठी आज ठेवत आहे. माझे मत अनुकूल आहे. विरोधात असलेल्या सहकाऱ्यांनी निवेदनाच्या पानालाही हरकत घेतली आहे. त्यांच्या मते प्रकल्पाच्या नावाखालचे कोणतेही पान वाचणाऱ्याला प्रकल्पाचेच वाटणार, तळाशी नाव कोणाचेही असो. ती हरकत मला हलकी वाटत नाही, आणि तिच्यावर आमचे बोलणे अजून व्हायचे आहे.